अकरा कोपरे

माझा स्वभाव चिकट आहे हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. मोटरसायकलवर रस्ता दाखवणारं यंत्र घ्यायचं ठरवलं आणि ते निवडायला मला पाच महिने लागले. बायको म्हणाली, "मुलीला स्थळ बघतानासुद्धा लोक एवढ्या चौकशा करत नाहीत." मी म्हटलं, स्थळ पावसात भिजत नाही. ती हसली नाही.

नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं तपासनीस आहे. तयार झालेला भाग मोजायचा, ड्रॉइंगशी ताडून बघायचा, बरोबर असला तर कागदावर 'तपासले, बरोबर' असं लिहून खाली सही ठोकायची. माझ्या सहीशिवाय माल गेटबाहेर जात नाही आणि याचा मला थोडा माज आहे. आठवडाभर मायक्रॉन मोजून डोकं पिकतं, म्हणून रविवारी मी मोटरसायकल काढतो. आमचा सात-आठ जणांचा गट आहे. त्यातल्या बाकीच्यांना घाट आवडतात, हॉटेलं आवडतात. मला डांबर संपलं की बरं वाटतं. बैलगाडीची चाकोरी, नदीपात्रातले गोटे, कुठेतरी डोंगराच्या पोटात शिरणारी लाल वाट. पेठ आणि सुरगाण्याच्या बाजूला असल्या वाटा हव्या तेवढ्या आहेत आणि त्यातली एकही फोनवरच्या नकाशात धड नाही.

आधी मी फोनच हँडलला लावून फिरायचो. उन्हाळ्यात हरसूलच्या रस्त्यावर तो तापून बंद पडला. पावसात पडद्यावर थेंब पडले की त्याला वाटायचं कोणी बोट लावतंय, मग नकाशा आपोआप सरकत गुजरातेत जाऊन बसायचा. घाट उतरला की नेटवर्क गायब. वर इंजिनाच्या थरथरीनं फोनचा कॅमेरा कायमचा कामातून गेला. हे मला समजलं बायकोच्या भाचीच्या लग्नात. सगळे फोटो धुरकट आले. तेव्हापासून घरात यंत्राला विरोध उरला नाही.

मग सुरू झाला शोध. खास मोटरसायकलसाठी बनवलेली परदेशी यंत्रं होती. पाऊस, धूळ, हातमोजे, सगळं सोसणारी. किंमत ऐकून मी दुकानातला पंखा बघत बसलो. तेवढ्यात माझी निम्मी गाडी आली असती. मग मोटारींत लावायची स्वस्त यंत्रं पाहिली. पडदा मोठा, आवाज गोड, पण त्यातल्या एकानं मला चाचणीलाच गंगापूर धरणाच्या पाण्यातून रस्ता काढून दिला. जुना फोन रबरी डबीत घालून वापरावा असं गटातल्या एकानं सुचवलं. तो प्रयोग मी केला. डबीच्या आत वाफ धरायची आणि दर दोन किलोमीटरला थांबून पुसावं लागायचं. मी प्रत्येक गोष्टीची वहीत नोंद करत होतो, डावीकडे गुण, उजवीकडे दोष. उजवी बाजू नेहमी लांब व्हायची.

शेवटी यंत्र सापडलं नाशकातच द्वारका चौकात, उड्डाणपुलाच्या सावलीतल्या गल्लीत. जमीन मोजायची, रस्ते आखायची नवी-जुनी यंत्रं विकणारं बोळकांडीएवढं दुकान. गल्ल्यावर पांढऱ्या दाढीचे चाचा. त्यांनी खालच्या फळीवरून एक काळं, मुठीत मावेल असं यंत्र काढून फुंकर मारली. बटणांचं. हातमोजे घालूनही दाबता येईल असं. दोन पेन्सिल सेलवर दिवसभर चालणारं. पडदा काडेपेटीपेक्षा जरासा मोठा.

"साहब, हे बोलत नाही," चाचा म्हणाले. "डावीकडे वळा, उजवीकडे वळा, काही सांगणार नाही. फक्त तुम्ही कुठे उभे आहात ते सांगेल. पण तेवढं खरं सांगेल."

मला हे फार आवडलं. कच्च्या वाटेवर फिरणाऱ्याला एवढंच तर पाहिजे असतं. घरी उपग्रहाच्या फोटोवर बघून वाटेची रेघ आखायची, ती यंत्रात भरायची, आणि तिथे गेल्यावर आपला ठिपका त्या रेघेवर आहे ना एवढं पाहायचं. शिवाय आपण गेलो ती वाट यंत्र स्वतः टिपून ठेवतं. यंत्राच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी होती, तिच्यावर मार्करनं 'मोजणी – ४' लिहिलेलं. चाचा म्हणाले, कोणी गावोगाव जमिनी मोजणारे होते, त्यांनी नवी यंत्रं घेतली आणि ही काढून टाकली. पट्टी खरवडून काढायला मला दोन मिनिटं लागली असती. मी आळस केला.

पहिली मोठी फेरी केली ती दिवाळी उलटल्यावर, एकट्यानं. वणीवरून सुरगाण्याच्या रस्त्याला लागलो आणि एका फाट्यावर डांबर सोडलं. घरी आखलेली रेघ एका पाड्याच्या मागून खाली नार नदीकडे उतरत होती. यंत्र झकास चाललं होतं. उन्हात पडदा स्वच्छ दिसत होता, मी स्वतःच्या निवडीवर खूश होतो आणि हेल्मेटच्या आत चक्क गुणगुणत होतो.

रेघ जिथे उतरायला लागत होती तिथे काट्यांचं कुंपण आडवं आलं. आत भात कापून झालेलं शेत, वरच्या अंगाला नागलीची कणसं वाळत घातलेली. एक कुत्रा माझ्या बुटांपर्यंत आला. मागोमाग चाळिशीची एक बाई विळा हातात घेऊनच झोपडीतून बाहेर आली. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग हँडलकडे. वाकून यंत्राची पाठ बघितली. तिचा चेहरा बदलला.

"मोजनीला आले ना साहेब?" ती म्हणाली. "यंदा तरी आले म्हनायचं."

ती काय समजतेय ते मला त्याच क्षणी कळलं होतं. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगतो, कारण नंतर मित्रांना सांगताना मी 'मला वाटलं ती वेगळंच काही विचारतेय' असं सांगितलं होतं. ते खोटं होतं. जंगलाच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या भात-नागली पिकवणारी माणसं ती आपल्या नावावर व्हावी म्हणून दावे टाकतात. मग गावाच्या समितीची माणसं असंच यंत्र हातात घेऊन शेताच्या कडेनं चालतात, प्रत्येक कोपऱ्यावर बटण दाबतात, आणि जेवढं यंत्रात येतं तेवढंच कागदावर येतं. मी पेपर वाचणारा माणूस आहे. मला हे माहीत होतं.

तरी मी म्हणालो, "हं."

का म्हणालो? कुत्रा गुरगुरत होता. तहान लागली होती. कुंपण उघडलं तर खाली नदीला जाता येणार होतं, नाहीतर बारा किलोमीटरचा वळसा. ही तीन कारणं मी बरेच दिवस वापरली. चौथं असं की 'साहेब' म्हटलेलं मला गोड लागलं. कारखान्यात मला कोणी साहेब म्हणत नाही.

तिनं पाणी दिलं, कोरा चहा केला. घरधनी बाजाराला गेला होता, पोरगी आश्रमशाळेत. मागच्या खेपेला मोजणी झाली होती, पण नदीकडचा तुकडा राहून गेला होता. "तोच तर भाताचा हाय," ती म्हणाली. "वरच्यात नुसती नागली होती. माझ्या सासऱ्यानं दगूड वाहून वाहून त्याला बांध घातलाय. तो लागला पाहिजे साहेब." दुसऱ्याच आठवड्यात ती दोघं द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे जाणार होती, ती थेट होळीलाच परतणार होती. त्याआधी मी आलो म्हणून तिला कोण आनंद झाला होता.

मी अजूनही सांगू शकलो असतो. पण ती विळा कमरेला खोचून पुढे चालायला लागली होती. मी हँडलवरचं यंत्र काढलं आणि तिच्या मागे गेलो.

ती कोपऱ्यावर थांबायची आणि म्हणायची, "इथं दाबा." वारूळ. सागाचं खोड. तिरका मोठा दगड. तिला सगळे कोपरे पाठ होते. मी बटण दाबायचो, यंत्र टुक करायचं, ती मान हलवायची. आणि लाज वाटते सांगायला, पण मला त्यात मजा यायला लागली. मी मन लावून मोजलं. एका ठिकाणी आकडा डळमळत होता, तर तो स्थिर होईपर्यंत थांबलो, तिलाही थांबवलं. नदीकडच्या बांधावरून चालताना तिनं मला हात दिला. अकरा कोपरे झाले. मोजणी खोटी होती पण माप बिनचूक होतं.

घरी येऊन तिनं पोरीची वही आणली. "सही द्या. मोजनी झाली म्हनून कायतरी ऱ्हाईल हातात."

इथे खरं तर माझा हात थांबायला हवा होता. माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी हक्क नसलेल्या कागदावर एकदाही सही केलेली नाही. पण मी लिहिलं, 'अकरा कोपरे. तपासले, बरोबर.' तारीख टाकली आणि कारखान्यात करतो तशी लफ्फेदार सही केली. तिनं पान शाई वाळेपर्यंत हातात धरलं, मग फाडून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं. पिशवीत रेशन कार्ड होतं, जातीचा दाखला होता, जंगलखात्याच्या जुन्या दंडाच्या पिवळ्या पावत्या होत्या. सगळ्यांवर माझं पान आलं.

मग तिनं स्वतः काटे ओढून मला वाट करून दिली. निघताना ओच्यात भरून वालाच्या शेंगा आणल्या. मी नको म्हटलं, ती ऐकेना. बायकोनं त्या संध्याकाळी त्यांची आमटी केली. जेवताना मी तो किस्सा रंगवून सांगितला. पुढच्या रविवारी गटात सांगितला, तिथे तर हसून हसून पुरेवाट झाली. वर्षभर सगळे मला 'मोजणीसाहेब' म्हणत होते आणि मीही ओ देत होतो.

पुढच्या वर्षी गटाला ती वाट दाखवायची ठरली. कुंपण अजून आहे का, पलीकडे उतरता येतं का, हे आधी बघून यावं म्हणून मी पुन्हा एकटाच निघालो. दिवाळीनंतरचेच दिवस. यंत्रातली मागची रेघ उघडली, ठिपका तिच्यावर बसला आणि मला घेऊन गेला. तिच्या दाराशी मी बरोबर मागच्याच जागी थांबलो.

या वेळी कुत्रा भुंकला नाही. ती बाहेर आली, मला ओळखलं आणि पदर सारखा केला.

"साहेब, तुमचा कागद वर पोचला नाय का?"

मी गाडी बंद केली. तीच सांगत गेली. फाल्गुनात समितीची माणसं उरलेले तुकडे मोजायला आली होती. ही द्राक्षाच्या मळ्यात. जावेनं फोन केला की उद्या मोजणी आहे, ये. "मुकादमानं एक दिस दिला असता. रातच्या रात आले असते मी," ती म्हणाली. "पन मी तिला म्हनलं, आपली झालीये. वहीचं पान पिशवीत हाय, ते दाखव." जावेनं पान दाखवलं. माणसं पुढच्या शेताकडे गेली. पावसाळ्यानंतर तालुक्याला कचेरीत यादी लागली, तिच्यात बाकीच्यांचे तुकडे होते, हिचा नव्हता. "मी भांडले तिथं. म्हनलं साहेब आले होते, अकरा जागी बटन दाबलं, सही हाय. ते म्हनले असा कोनी साहेबच नाय. मी म्हनलं कसा नाय? माझ्या घरचा चा पिला त्यांनी."

ती माझ्या बाजूनं भांडली होती.

"ताई, मी मोजणीवाला नाही," मी म्हणालो.

"मंग कोन?"

"मी नाशिकचा. कंपनीत आहे. इकडे... फिरायला आलो होतो."

"फिरायला?" तिला तो शब्द कुठे ठेवावा ते कळेना. तिनं मोटरसायकलकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. मी वाट बघत होतो की ती चिडेल, शिव्या देईल, कुत्रा अंगावर सोडेल. तिनं एवढंच विचारलं, "मंग मोजलं कशाला?"

मी हँडलवरचं यंत्र काढून हातात घेतलं.

समितीतला एक म्हातारा त्याच पाड्यावर राहायचा. मी तिला म्हटलं, चला, मी सगळं कबूल करतो. तो अंगणात दोर वळत होता. मी सांगत गेलो आणि तो वळत राहिला. मग मी यंत्र पुढे केलं, म्हणालो, अकराही कोपरे यात आहेत, बिनचूक आहेत, हेच धरा. त्यानं ते हातात घेतलंसुद्धा नाही.

"मोजनी समद्यांच्या समोर व्हावी लागती," तो म्हणाला. "शेजारी पायजे, समिती पायजे, फॉरेस्टचा गार्ड पायजे. तुमचे आकडे खरे असले तरी माझ्या काय कामाचे? आता पुन्ना लागंल तवा लागंल." थोडा थांबून म्हणाला, "सही मी पाह्यली होती. लय चांगली सही हाय. मला वाटलं कोनी नवीन साहेब असंल."

परत आलो तर तिनं पिशवी काढली. कागद चाळले नाहीत, माझं पान वरच होतं. ते तिनं माझ्यापुढे धरलं. "हे घेऊन जा. बाकीच्या कागदांत नको."

मी ते खिशात घातलं आणि डांबरी रस्त्यानं, बारा किलोमीटरचा वळसा घेऊन परत आलो. कुंपण उघडायला सांगायची माझी छाती झाली नाही. गटाला सांगितलं की ती वाट बंद झालीय. घरी मात्र बायकोला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "आणि त्या शेंगा आपण खाल्ल्या." ती आत गेली.

त्या म्हाताऱ्याचा नंबर मी मागून घेतला होता. तेव्हापासून दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी त्याला फोन करत आलो. तारीख लागली का? नाय. पुढच्या सोमवारी परत. तो कंटाळला असणार, पण फोन उचलायचा. रविवारी गाडी काढायची इच्छा मेली होती. एकदा यंत्र चालू करून पडद्यावर ते अकरा ठिपके बघितले. पुसून टाकावेत म्हणून बटणावर अंगठा ठेवला आणि उचलला. आता पाठीवरची चिकटपट्टी मात्र काढली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

जानेवारी संपता संपता एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे बायकांचे आवाज होते, फवारणीच्या पंपाचा आवाज होता. ती द्राक्षाच्या मळ्यातून बोलत होती. माझा नंबर तिला म्हाताऱ्यानं दिला होता.

"परवा मोजनी हाय," ती म्हणाली. "तुमी सारखा फोन करता म्हने, म्हनून सांगितलं."

मला एकदम हायसं वाटलं. मी घाईघाईनं बोलायला लागलो. मी येतो, म्हटलं. रजा टाकतो. मळ्यावर येऊन तुम्हाला घेतो, गाडीवर दोन तासांत पोचू. सगळ्यांसमोर माझी चूक कबूल करतो, लिहून देतो, यंत्रही आणतो, एखादा कोपरा राहिला तर मी दाखवीन, मला अकराही पाठ आहेत.

तिनं सगळं ऐकून घेतलं. पंप बंद झाला, तेव्हा तिचा आवाज स्वच्छ आला.

"आमी जीपनं जाऊ. कोपरे माझे मला ठावं हायेत," ती म्हणाली. "तुमी नका येऊ भाऊ. तुमाला पाह्यलं का ते परत म्हनतील, हिची झालीये."

मी बरं म्हणालो.